अमेरिकेतल्या काउंटी जेलना मेथाडोन-ब्युप्रेनॉर्फिन नाकारता यावं का?

क्षितिजा :
माझं उत्तर स्पष्ट आहे: नाकारता येऊ नये. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही ओपिऑइडची, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेची, ओढ आवरणारी औषधं. हा उपचार चालू असलेल्या माणसाला अटक झाली की अनेक जेलमध्ये (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, खटल्याआधीच्या आणि छोट्या शिक्षांच्या कोठडीत) त्याचं औषध पहिल्याच दिवशी बंद होतं. उलट्या, जुलाब, अंगदुखी, तळमळ हा त्रास (विथड्रॉवल) हळूहळू ओसरतो. जिवावर बेततं ते नंतर. काही आठवड्यांत शरीराची सवय उतरते, ओढ मात्र तशीच राहते. सुटल्यावर पूर्वीइतकंच हेरॉइन किंवा त्याहून जहाल फेंटानिल घेतलं की श्वास बंद पडू शकतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांवरचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट निघाला. ऱ्होड आयलंडने २०१६ मध्ये मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नशेचा असर रोखणारं नाल्ट्रेक्सोन ही तिन्ही औषधं आत द्यायला सुरुवात केली. २०१६ च्या पहिल्या सहामाहीत नुकत्याच सुटलेल्यांपैकी २६ जण ओव्हरडोसने गेले होते, २०१७ च्या त्याच काळात ९. आणखी कोणता पुरावा हवा?

टेहळणी :
पुराव्याबद्दल वाद नाही, जेलवर सक्ती करण्याबद्दल आहे. ऱ्होड आयलंडमध्ये जेल आणि तुरुंग एकाच राज्य खात्याकडे आहेत. बाकी बहुतेक राज्यांत जेल काउंटीच्या शेरीफकडे (तिथल्या पोलीसप्रमुखाकडे) असतं, आणि लहान काउंटीत रात्री नर्सही नसते. व्यसनावरचं मेथाडोन सहसा परवानाधारक उपचार केंद्रच देऊ शकतं, ते तासाभराच्या अंतरावर असलं तर रोज कोण नेणार?

त्यात लपवाछपवी. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी किंवा पट्टी जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ती गालात सरकवून बराकीत विकली जाते, आणि कमजोर कैद्यांवर तोंडातली गोळी बाहेर काढून देण्यासाठी दमदाटी होते. माझ्या मते सुटकेआधी नाल्ट्रेक्सोनचं ३८० मिलिग्रॅमचं इंजेक्शन पुरे. त्यात नशा नाही, विकण्यासारखं काही नाही.

निमवैद्य :
टेहळणी, नाल्ट्रेक्सोन हा पर्याय असू शकतो, एकमेव मात्र नव्हे. ते देण्याआधी ७ ते १० दिवस शरीरात ओपिऑइड नसावं लागतं, नाहीतर एकदम तीव्र विथड्रॉवल सुरू होतो. म्हणजे आधी तडफडू द्यायचं, मग औषध. महिन्याभराने असर संपतो आणि पुढचं इंजेक्शन चुकलं तर सवय उतरलेला माणूस पुन्हा त्याच धोक्यात. गरोदर बाईला तर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनच द्यायचं असतं.

गोळी लपवण्यावर इलाज आहे. लहान गट, दोघांमध्ये एक रिकामी खुर्ची. आधी तोंड आणि हात तपासायचे, पाण्याने तोंड ओलं करायचं (कोरड्या तोंडात गोळी लवकर विरघळत नाही), मग डोस. हात मांडीवर, दहा-पंधरा मिनिटं नजरेसमोर. शेवटी पाणी, एक कोरडं बिस्किट, पुन्हा तोंडाची तपासणी. गडबड होते ती तोच शिपाई त्याच वेळी दार आणि फोनही सांभाळत असतो तेव्हा. जिथे हे जमत नाही तिथे महिन्याचं ब्युप्रेनॉर्फिन इंजेक्शन द्यावं: सहसा आधी ३०० मिलिग्रॅमचे दोन, पुढे १००.

टेहळणी :
त्या एका इंजेक्शनची छापील किंमत हजार डॉलरच्या वर आहे. कोठडीत गेलेल्याच्या उपचाराचा खर्च मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) सहसा उचलत नाही, हा नियम १९६५ पासूनचा. २०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाला सुटकेआधीच्या ९० दिवसांसाठी पहिली सवलत मिळाली, पण जेलमधले कित्येक जण दोन-तीन दिवसांतच जामिनावर सुटतात. शिवाय शनिवारी रात्री आलेला माणूस म्हणतो, “रोज १२० मिलिग्रॅम मेथाडोन घेतो.” केंद्राचा फोन कोणी उचलत नाही. खात्री न करता दिलं आणि तो आठवडाभर केंद्रात फिरकलाच नसेल, तर आपणच त्याला मारलं!

क्षितिजा :
पडताळणी हवीच: शेवटचा डोस किती, कधी आणि कोणी डोळ्यांदेखत दिला. पण फोन लागला नाही म्हणून काहीच न देणं हे उत्तर नव्हे. केंद्राकडून सुट्टीच्या दिवशी चालणारा नंबर आधीच लेखी घेऊन ठेवावा. २०२२ च्या डिसेंबरपासून ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला वेगळी परवानगी लागत नाही, तेव्हा व्हिडिओवरचा डॉक्टरही ते लिहू शकतो. मात्र विथड्रॉवलची लक्षणं नीट दिसेपर्यंत थांबायचं, नाहीतर हे औषधही विथड्रॉवल एकदम वाढवू शकतं. फेंटानिल बरेच दिवस घेतलेलं असेल तर घाई अंगाशी येते.

अवचित सुटकेसाठी पाकीट पहिल्याच दिवशी बांधून ठेवावं: सात दिवसांचं ब्युप्रेनॉर्फिनचं प्रिस्क्रिप्शन, ओव्हरडोस उतरवणाऱ्या नॅलोक्सोनचे ४ मिलिग्रॅमचे दोन नाकातले फवारे, जवळच्या केंद्राची वेळ. हे नर्सच्या कपाटात नको, सामान परत देतात त्या खिडकीवर हवं, कारण रात्री सुटणाऱ्याला तिथूनच जावं लागतं.

दुसरी बाजू :
जेलपुरतंच बोलून चालणार नाही. प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) असलेल्याला “मेथाडोन सोडलंस तरच उपचार कार्यक्रमात घेतो” असं सांगणारी न्यायालयंही आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पष्ट केलं, की डॉक्टरने लिहून दिलेलं हे औषध घेतो म्हणून कुणाला नाकारणं हा अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि तो कायदा जेलइतकाच न्यायालयांनाही लागू आहे. मेन राज्यातल्या एका काउंटी जेलला २०१९ मध्ये याच कायद्याखाली, एका महिलेचं ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवावं, असा आदेश मिळाला होता. तेव्हा टेहळणी, पैशाची अडचण मान्य, पण ती काउंटीने राज्याकडे मांडायची. तोवर कैद्याचा आजचा डोस अडवून ठेवता येणार नाही.