जाड-तिरका फॉन्ट मराठीला लावायचा की नाही?

खडेबाजारचा डीटीपीवाला
लग्नसराई सुरू झाली की मागणी ठरलेली. "नावं जरा बोल्ड करा, तिरकी करा, उठून दिसू देत." गिऱ्हाईक म्हणतंय म्हणून करून देतो. पण माझं मत: बोल्ड इटालिक, म्हणजे जाड-तिरका, इंग्रजीला शोभतो, मराठीला लावू नये.

इंग्रजीत इटालिक म्हणजे कललेलं सरळ अक्षर नव्हे. व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिओ या छापखानेवाल्यानं १५०१ साली इटालिकात पहिलं अख्खं पुस्तक छापलं. ठसे कोरले फ्रांचेस्को ग्रिफोनं, तेव्हाच्या भरभर लिहायच्या हस्ताक्षरावरून. टाइम्स फॉन्ट लावून बघा: सरळ ठशातल्या धाकट्या 'ए'ला दोन मजले, इटालिकात एकच. 'एफ'ची शेपटी ओळीखाली उतरते, अक्षराच्या टोकांच्या आडव्या खुरांच्या (सेरिफच्या) जागी बारीक आकडे येतात. जाडपणा बराच नंतरचा. मजकुरातला शब्द उठून दिसावा म्हणून काढलेला लंडनचा क्लॅरेन्डन नावाचा जाड ठसा १८४५ चा. हे दोन्ही एकत्र आले की अक्षराला वजनही येतं आणि वेगही. मोठ्या आकारात, दोन-तीन शब्दांपुरता, फार देखणा प्रकार आहे.

आता देवनागरीला तिरकं करायचं बटण दाबा. शिरोरेघ आडवीच राहते, कान्याचे दांडे तेवढे कलतात. वरचा रफार आणि अनुस्वार उजवीकडे सरकून पुढच्या अक्षरावर बसल्यासारखे दिसतात, खालचा उकार डावीकडे जातो. त्यात फॉन्टला स्वतःचं बोल्ड नसेल तर सॉफ्टवेअर नुसती कड फुगवतं. 'क्ष', 'ष्ट', 'श्र' यांची पोटं बुजतात. पत्रिकेत 'चि. सौ. कां.' एवढं नीट वाचता आलं तरी पुढचं नाव अंदाजानंच वाचायचं.

रामदेव गल्ली पेंटर
मशीनचा दोष तिरकेपणावर कशाला ढकलताय ओ? आम्ही ब्रशनं तिरकी अक्षरं काढत आलोय. 'भव्य सेल' सरळ काढला तर दुकानदार पैसे देताना तोंड वाकडं करायचा. हातानं काढताना रफार कुठं बसवायचा ते आम्ही ठरवतो, पोट बुजतंय वाटलं की दांडा बारीक करतो. वर पिवळी सावली दिली की लांबून सुद्धा वाचता येतं. आणि मोडी विसरलात काय? घाईत लिहिलेले जुने कागद बघा की, सगळं उजवीकडं कललेलं. कलणं आपल्याला परकं नाही. तुमचं बटण परकं आहे, एवढंच.

खानापूरच्या बाई
मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडे हा शोभेचा प्रश्नच नाही. शास्त्रीय नाव तिरकंच छापायचं हा संकेत आहे. मथळा जाड असेल तर त्यातलं नाव जाड-तिरकं होणार, दुसरा मार्गच नाही. उसाचं साकारम ऑफिसिनारम घ्या, नाहीतर निपाणीच्या तंबाखूचं निकोटियाना टबाकम. भौतिकशास्त्रवाले सदिश राशी (व्हेक्टर) जाड-तिरक्या अक्षरात छापतात, तेही आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. हे सगळं रोमन लिपीत, ठीक. पण मराठी पुस्तिकेत तेच नाव देवनागरीत लिहिलं की वेगळेपण दाखवायचं कसं? अवतरणचिन्हं लावून लावून पान ठिगळांचं होतं. मला देवनागरीतही तिरकं हवंय.

शहापूरकर
लग्नपत्रिका कोण वाचतंय? तारीख आणि हॉल बघतात.

डीटीपीवाला
@शहापूरकर, मग हॉलचं नाव तरी सरळ ठेवूया.

@बाई, तुमची अडचण खरी. टिरो देवनागरी मराठी नावाचा मोफत फॉन्ट आहे, त्यात इटालिक वेगळं आखलेलं आहे, बटणाचं नव्हे. पण त्यात सरळ आणि इटालिक एवढेच प्रकार. जाड नाही, म्हणजे जाड-तिरकंही नाही. पुस्तिकेच्या मजकुरात जरूर वापरा. मथळ्यात मी रंग बदलेन किंवा आकार वाढवेन. पेंटरसाहेब, तुमच्या हाताबद्दल वादच नाही. तुमच्याकडून चार शब्द काढून घेऊन स्कॅन करणं मला बटणापेक्षा कधीही मान्य.

टिळकवाडीची
तुम्ही सगळे कागदावर अडकलात. दुकानाच्या फलकाचं बघा. कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कर्नाटकात फलकाचा ६० टक्के भाग कन्नडला द्यायचा. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी दोघांनी बसायचं. इतक्या बारक्या पट्टीत मराठी तिरकी केली की रस्त्याच्या पलीकडून नुसती काळी रेघ दिसते. तिथं सरळ, मोकळं, मध्यम जाडीचं अक्षरच हवं. तिरकं करून 'स्टाइल' मारायची जागाच शिल्लक नाही.

गोकाकचा पाहुणा
माझी बायको कन्नड, आमची पत्रिका दोन भाषांत छापली. छापणाऱ्यानं दोन्हीकडे तेच बटण दाबलं. कन्नडची गोल अक्षरं कलून लवंडल्यासारखी झाली, खालचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) डावीकडच्या अक्षराखाली गेल्यासारखे. सासरे म्हणाले, दारू पिऊन छापलंय काय? म्हणजे हे दुखणं फक्त मराठीचं नाही. तरी खरं सांगू? आईला ती पत्रिका आवडली होती. तिच्या लेखी तिरकं म्हणजे लग्नाचं, सरळ म्हणजे तेराव्याचं.

रामदेव गल्ली पेंटर
आई बरोबर बोलल्या.

डीटीपीवाला
तेराव्याचं कार्डसुद्धा परवा एकानं तिरकं मागितलं, काय बोलू. बाकी पेंटरसाहेब, 'शुभविवाह' आणि 'सस्नेह निमंत्रण' हे दोन ब्रशनं काढून द्याल काय? जाड, तिरकं, पोटं मोकळी ठेवून. रेट फोनवर बोलू.