मदत हवी आहे: कार्ड जर्मन, शिक्का मुंबईचा. खरं की बनावट?

मंडळी नमस्कार,

मी हॅम्बुर्गला असतो. इथल्या जुन्या बाजारात पोस्टकार्डांचा एक गठ्ठा मिळाला. चित्रांची नव्हेत, तिकीट आधीच छापलेली साधी कार्डं. बरीचशी लावता आली. अर्ध्या ग्रोशनचं (ग्रोशन म्हणजे जुनं जर्मन नाणं) तपकिरी कार्ड १८७३-७४ चं, कारण १८७५ पासून मार्क-फेनिग ही नवी नाणी आली. जांभळी पाच फेनिगची त्यानंतरची. त्यांत 'फेनिगे' असं शेवटी e हे अक्षर लावून छापलेला साचा आधीचा, १८८० मध्ये तो e गेला. हिरवी पाच फेनिगची १८८९ पासूनची. बव्हेरियाची (दक्षिण जर्मनीतलं राज्य) वेगळी काढली, त्यांचं टपालखातं १९२० पर्यंत स्वतंत्रच होतं.

घोडं अडलंय एका लाल कार्डापाशी. तिकीट दहा फेनिगचं, गरुड आणि वर मुकुट. मथळा जर्मन आणि फ्रेंच दोन्हीत. पत्ता हॅम्बुर्गचा. पण छापील तिकिटावर गोल शिक्का चक्क 'बॉम्बे'चा, साल ९३, म्हणजे १८९३! भारतीय तिकीट कुठेच नाही. भारताची स्वतःची पाव आण्याची कार्डं १८७९ पासून होती, मग कैसरचं, म्हणजे जर्मन सम्राटाचं तिकीट मुंबईच्या टपालखात्यानं कसं चालवून घेतलं? इथला एक संग्राहक सरळ 'बनावट' म्हणून मोकळा झाला. मजकूर जुन्या जर्मन वळणाचा, मला एक ओळ लागत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

बनावट म्हणायची घाई नको. मथळ्याखाली जर्मनमध्ये 'आन्टवोर्ट' आणि फ्रेंचमध्ये 'रेपाँस' असे शब्द आहेत का बघा, दोन्हींचा अर्थ 'उत्तर'. असले तर हे जोडकार्डाचं (एक निरोपाचं आणि एक उत्तराचं अशी जोडलेली दोन कार्डं) उत्तराचं अर्धं. हॅम्बुर्गच्या माणसानं जोडकार्ड मुंबईला पाठवलं, मुंबईकरानं आपलं अर्धं फाडून ठेवलं आणि उरलेल्यावर उत्तर लिहून पेटीत टाकलं. परतीच्या टपालाचे पैसे जर्मनीतच भरलेले, म्हणून भारतीय तिकीट लागत नाही. जागतिक टपाल संघाच्या देशांत हे चालायचं. भारत त्यात १८७६ मध्येच आला होता. अशा कार्डावर परक्या देशाचा शिक्का असणं हेच बरोबर. उलट उत्तराच्या अर्ध्यावर हॅम्बुर्गचाच रवानगीचा शिक्का दिसला असता तर मी भुवया उंचावल्या असत्या.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, तरी तीन गोष्टी तपासा. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक आकडा असेल तर तो छपाईचा महिना-वर्ष असतो. ती तारीख शिक्क्याच्या आधीची हवी. दुसरं, हॅम्बुर्गला पोचल्याचा शिक्का शोधा. तेव्हाची डाक एडन, सुएझ, ब्रिंदिसी अशी यायची, म्हणजे दोनेक आठवड्यांहून थोडं जास्त अंतर हवं. दोन-चार दिवसांचंच निघालं तर गडबड आहे. तिसरं, एक कड फाडलेली किंवा घडीची असायला हवी.

आणि कृपा करून तिकीट कापून अल्बमात लावू नका. पूर्वी लोक सर्रास कापायचे. त्या चौकोनी तुकड्यांना आज फारसं कोणी विचारत नाही. पेन्सिलीतली जुनी टिपणंही खोडू नका.

मूळ धागाकर्ता

धन्यवाद दोघांनाही! दोन्ही शब्द आहेत, बारीक टायपात, माझ्या नजरेतून सुटलेच होते. कोपऱ्यात ५९२ आहे, म्हणजे मे १८९२ ना? वरची कड दातेरी फाटलेली. पोचल्याचा शिक्का अर्धा पुसट आहे, पण दोन्ही तारखांत अठरा दिवस दिसतात.

आता राहिला मजकूर. कोणी वाचून देईल का?

प्रतिसाद

स्कॅन टाका, ६०० डीपीआयला, फोन-फोटो नको. तोवर एवढं धरून बसा: त्या वळणात 'e' हे अक्षर 'n'सारखं दिसतं, आणि 'u'च्या डोक्यावर छोटी कमान असते. तेवढ्यावर तारीख आणि खालची सही तरी लागेल. नावं आधी लावा, बाकीचं आम्ही बघतो.