लीप शस्त्रक्रियेच्या आधी साखर वाढलेली: जखम भरेल ना?

प्रश्न (कोथरूड): वहिनी, वय ३८. गर्भाशयमुखावर सीआयएन-२ (कर्करोगाआधीचे पेशींतले मध्यम बदल), पुढच्या आठवड्यात लीप (विजेच्या तारेच्या फासाने तो भाग काढणं). एचबीए१सी (साखरेची रक्तचाचणी) ८.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०. जखम भरायला अडचण येईल का?

हडपसरहून: साखरेमुळे येऊ शकते. ती चढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, जंतुसंसर्ग पटकन होतो. एचबीए१सी म्हणजे साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, आठवड्यात उतरणार नाही. आत्ता उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर सांभाळा. सर्जनना आकडे आजच कळवा.

औंधहून: हिमोग्लोबिन, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा ताई. लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसतो. ट्रायग्लिसराइड जेवून दिलेलं असेल तर उपाशीपोटी पुन्हा करा.

सिंहगड रोडहून: साखर उतरली म्हणून एचपीव्ही (सीआयएनला कारण ठरणारा विषाणू) गेला असं नसतं. लीपनंतर सहा महिन्यांनी एचपीव्ही चाचणी हवीच. लीपनंतर चार आठवडे शरीरसंबंध, टॅम्पून नको. रक्तस्रावाने तासात पॅड भिजलं तर थेट हॉस्पिटल. आणि तंबाखू असेल तर आजच बंद.