सेमिनारसाठी मदत हवी: व्यापार, मानवतावाद आणि लूथर यांचा एकमेकांशी संबंध काय?

कमाटीबाग_सकाळ (वडोदरा):
एम.एस. विद्यापीठात एम.ए. इतिहास करतेय. सोमवारी सेमिनार आहे, विषय सोळाव्या शतकातला युरोप. नोट्समध्ये व्यापार, मानवतावाद आणि धर्मसुधारणा असे तीन सुटे धडे आहेत, सांधा कुठेच दिसत नाही. प्रोटेस्टंट शिस्तीतून भांडवलशाही वाढली, हे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचं म्हणणं सांगून भागेल का?

खातेवही_दांडियाबाजार:
नाही भागणार. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली, म्हणून मी तुला एक कर्जप्रकरणच उघडून दाखवतो.

कर्जदार आल्ब्रेख्ट, ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातला. माग्डेबुर्गचा आर्चबिशप असतानाच 1514मध्ये त्याला माइन्त्सचंही पद हवं झालं. वय कमी, वर एकाहून जास्त गाद्या, म्हणजे चर्चच्या नियमात काहीच बसत नव्हतं. पण रोमला रक्कम भरली की नियम वाकायचे. ती रक्कम, सुमारे 29,000 गुल्डन, आउग्सबुर्गचा सावकार-व्यापारी याकोब फुगर याने कर्जाऊ दिली. आता परतफेड कशातून? पापमुक्तीची पत्रं विकून, म्हणजे पैसे भरा आणि पापाची शिक्षा माफ करून घ्या! निम्मे पैसे रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मे फुगरच्या खात्यात. टेट्झेल नावाचा डॉमिनिकन साधू गावोगाव पत्रं विकायचा आणि फुगरचा माणूस हिशोबाला हजर. एवढी चोख वसुली आमच्या शाखेत कधी झाली नाही!

विटेनबर्ग हे मार्टिन लूथरचं गाव, तो तिथे धर्मोपदेशक आणि प्राध्यापक. तिथल्या शासकाने, म्हणजे सॅक्सनीच्या इलेक्टरने, टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊ दिलं नव्हतं, तर लोक सीमेपलीकडे युटरबोगला जाऊन पत्रं घेऊन येत. तीच माणसं लूथरच्या चर्चमधली. 31 ऑक्टोबर 1517ला त्याने या पत्रविक्रीविरुद्ध 95 मुद्दे पाठवले ते थेट आल्ब्रेख्टलाच. 86वा मुद्दा वाच: पोप एवढा श्रीमंत आहे, तर चर्च स्वतःच्या पैशाने का बांधत नाही?

आता वेबर. हा फुगर शेवटपर्यंत कॅथलिक राहिला. 1519मध्ये पाचवा चार्ल्स सम्राट निवडला गेला, त्या निवडणुकीतही त्याचाच पैसा ओतला गेला. म्हणजे मोठं भांडवल लूथरच्या आधीच उभं होतं. वेबर वाचावा जरूर, पण त्याचा रोख पुढच्या काळातल्या कॅल्व्हिनपंथीयांवर (कॅल्व्हिन या दुसऱ्या प्रोटेस्टंट सुधारकाच्या अनुयायांवर) जास्त आहे, हे सरांना सांग.

शाईचे_डाग:
काका, छापखाना राहिलाच! 1517 संपण्याआधी ते मुद्दे न्यूरेम्बर्ग, लाइपझिग आणि बाझेलला छापून झाले होते. मानवतावादाचा, म्हणजे जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ मुळातून वाचायच्या चळवळीचा, धागाही इथेच सापडतो. मानवतावादी विद्वान इरास्मसने 1516मध्ये बाझेलला फ्रोबेनच्या छापखान्यात बायबलचा ग्रीक नवा करार छापला. त्याचीच 1519ची आवृत्ती समोर ठेवून लूथरने वार्टबुर्गच्या किल्ल्यात जर्मन भाषांतर केलं आणि ते सप्टेंबर 1522मध्ये बाहेर पडलं. डिसेंबरात दुसरी आवृत्ती! छपाईत पैसा कोणाचा, तर क्रानाखचा. हा सॅक्सनीच्या त्या इलेक्टरचा दरबारी चित्रकार, त्याचं विटेनबर्गमध्ये औषधांचं दुकानही होतं. सेमिनारमध्ये हा एक माणूस नीट रंगवलास तर तुझे तिन्ही धडे एकत्र येतील.

इरास्मसने स्वतः मात्र चर्च सोडलं नाही. 1524मध्ये त्याचं आणि लूथरचं उघड वाजलं.

कमाटीबाग_सकाळ:
क्रानाख नक्की घेते! पण शेतकरी, बायका यांच्या आयुष्यात काय बदललं?

राजमहाल_रोडवाली:
दोन्हीचं उत्तर 1525मध्ये बघ. शेतकऱ्यांनी मेमिंगेनला 12 मागण्या मांडल्या, बायबलचा आधार देऊन: गावाला आपला धर्मोपदेशक निवडू द्या, वेठबिगारी थांबवा. उठाव पेटल्यावर लूथर सरळ राजांच्या बाजूने गेला. मला तो तिथे अजिबात पटत नाही.

त्याच वर्षी त्याचं काथारिना फॉन बोराशी लग्न झालं. ती मठातून पळालेली. घरात विद्यार्थी जेवायला, शिवाय गुरं, शेत, बिअर गाळणं, सगळा कारभार तिच्याच हाती. पण मठ बंद झाले तसा लग्नाशिवाय जगायचा रस्ताही बायकांना बंद झाला. सरांनी विचारलं तर हे आवर्जून सांग.

खातेवही_दांडियाबाजार:
छान. आणि पुस्तकांसाठी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत शनिवारीच जाऊन ये.