मंचरजी भावनगरी : होयबा म्हणणं योग्य आहे का?

गिरगावकर :
दादाभाई नौरोजी शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत असतात. मंचरजी भावनगरींचं नाव निघालं की मात्र लोक नाक मुरडतात. मुंबईत जन्मलेला हा पारशी बॅरिस्टर १८९५ साली पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधून हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षातर्फे ब्रिटिश पार्लमेंटात खासदार झाला. त्याच निवडणुकीत उदारमतवादी (लिबरल) पक्षाचे दादाभाई पडले. भावनगरी १९०० मध्ये पुन्हा जिंकले. काँग्रेसच्या मंडळींनी आडनावाची मोडतोड करून त्यांना ‘बो अँड अ‍ॅग्री’ केलं: वाकायचं आणि हो म्हणायचं. मला हा शिक्का अन्यायाचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांसाठी ते आपल्याच बाजूच्या सरकारातल्या वसाहतमंत्री चेंबरलेनच्या मागे लागले होते. होयबा माणूस असं करतो?

सदाशिवपेठी :
अजिबात पटत नाही. १८९७ आठवा. पुण्यामुंबईत प्लेग, दुष्काळ, टिळकांना राजद्रोहाखाली १८ महिने. त्याच वर्षी भावनगरींना ‘सर’ किताब! काँग्रेसच्या मागण्यांना हे पार्लमेंटात विरोध करत. सरकारला असा हिंदी चेहरा हवाच होता.

गिरगावकर :
किताबाचं ठीक आहे, पण १९०६ बघा. जानेवारीत खासदारकी गेली, म्हणजे मिळवायचं काही उरलं नव्हतं. तरी नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या, हिंदी लोकांवर सक्तीची नोंदणी लादणाऱ्या कायद्याविरुद्ध गांधीजी तेव्हाचे वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिनकडे शिष्टमंडळ घेऊन गेले, त्यात भावनगरी होते. आणि दादाभाईही! १८९५ ला समोरासमोरच्या पक्षांत असलेले हे दोघे एकाच खोलीत, एकाच अर्जासाठी. पुढे या कामासाठी लंडनमध्ये समिती झाली, तिच्या कार्यकारिणीचं अध्यक्षपदही भावनगरींनीच सांभाळलं. मला तर हे चित्र फार मोलाचं वाटतं.

रेवा_ठाणे :
तांत्रिक शिक्षणाचाही मुद्दा घ्या. हिंदुस्थानात कारखानदारीसाठी माणसं तयार करा, असा त्यांचा धोशा होता. स्वराज्य नको म्हणत होते हे खरं, पण देश भिकेला लागलेला त्यांना दिसत नव्हता असं नाही.

सदाशिवपेठी :
शिष्टमंडळाचं मानतो, तिथे ते मनापासून लढले. पण ट्रान्सवालमधल्या हिंदी माणसाला ब्रिटिश प्रजाजन म्हणून हक्क मागायचे आणि तोच माणूस पुण्यात मागू लागला की घाई करू नका म्हणायचं, हे कसं जुळवायचं?

गिरगावकर :
त्यांच्या लेखी साम्राज्य हा एक करार होता. आफ्रिकेत तो मोडला जात होता म्हणून ते चिडले. पुण्यातही मोडला जात होता, ते त्यांनी पाहिलं नाही. हा त्यांचा मोठा दोष आहे, मीही मानतो. पण तो लाचारीचा दोष नव्हे.