सहा फुटी फिश टँक: वरच्या मजल्यावर ठेवू की खाली? (बेळगाव) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शनिवारी काचवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा आहे. त्याआधी मला कुणी थांबवायचं असेल तर आत्ताच थांबवा.

शहापूरला आमचं जुनं माडीचं घर पाडून दोन वर्षांपूर्वी नवं बांधलं. खाली आई-बाबा, वर आम्ही. वरच्या हॉलमध्ये ६ × २ × २ फुटांचा टँक करायचा असं डोक्यात बसलंय. सहा वर्षं तीन फुटी टँक सांभाळतोय, म्हणजे अगदीच नवखा नाही. पण तीन फुटी टँक म्हणजे टेबलावर ठेवलेली वस्तू असते. हा टँक म्हणजे जवळजवळ बांधकामच आहे, हे वजनाचा हिशोब मांडला तेव्हा कळलं.

२४ घनफूट म्हणजे अंदाजे ६८० लिटर पाणी, म्हणजे ६८० किलो. १२ मिमी काच धरली तर तिचे सव्वाशे किलो. वाळू-दगड, स्टँड धरून साडेनऊशेच्या घरात जातो. हे सगळं बारा चौरस फुटांवर! आमच्या गवंड्याला फोन केला तर तो म्हणाला, "एनू आगंगिल्ल री." म्हणजे काही होत नाही. घराला ओल येईल का विचारलं होतं, तेव्हाही त्याने हेच उत्तर दिलं होतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात जिन्याखालची भिंत हिरवी झाली. त्यामुळे यावेळी दुसरं मत हवंय.

स्टँडची काळजी नाही. उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये वीस वर्षं काढलीत. ५० × ५० चा चौकोनी पाइप, खाली सहा पाय, लेव्हल करायला बोल्ट, हे सगळं मी स्वतः करीन. लोखंड मला कळतं. काच कळत नाही. एक दुकानदार म्हणतो १० मिमी बास. दुसरा म्हणतो ८ मिमी टफन्ड (तापवून कडक केलेली) घाला, हत्ती बसला तरी फुटणार नाही. हत्ती बाहेरून बसतो हो, पाणी आतून ढकलतं. मी गणित केलं तर दोन फूट उंच पाण्याचा समोरच्या काचेवर एकूण ३४० किलोचा रेटा येतो, आणि तो रात्रंदिवस असतो.

दुसरी भानगड विजेची. एप्रिल-मेमध्ये वळीव सुरू झाला की आमच्या गल्लीत हमखास फांदी तारेवर पडते आणि चार-पाच तास अंधार. टँकखाली संप करायचा आहे, म्हणजे फिल्टरची खालची टाकी, जिथे वरचं पाणी उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. माप ३ × सव्वा × सव्वा फूट. वीज गेल्यावर वरचं पाणी खाली उतरून हॉलभर होणार नाही ना? इन्व्हर्टर आहे, पण त्यावर हीटर चालवला तर अर्ध्या तासात पंखेसुद्धा बंद पडतील. आणि हीटर लागणारच, कारण डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे स्वेटर घालून दूध आणायला जावं लागतं. माझ्या छोट्या टँकचं पाणी तेव्हा २०-२१ अंशांवर येतं.

पाणी: नळ रोज येत नाही, पण परसात जुनी विहीर आहे. दर आठवड्याला पाव टँक म्हणजे १७० लिटर बदलायचे, ते विहिरीचं चालेल का?

मासे कोणते, यावर घरात एकमत नाही. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला अरोवाना हवा. बाबांना गोल्डफिश. बायको कारवारची, तिचं म्हणणं एवढ्या पाण्यात खाता येणार नाही असा मासा ठेवायचा कशाला.

जाता जाता एक सांगतो, कुणाला उपयोग होईल. छोट्या टँकमध्ये मी जुन्या स्वयंपाकघरातले शहाबादी फरशीचे तुकडे रचून गुहा केली होती. दिसायला झकास. पण टेट्रा मासे टिकेनात, मॉली मात्र मजेत. वर्षभर पाण्याला शिव्या दिल्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून फरशीवर ॲसिडचा थेंब टाकला, तर फसफसली! शहाबादी म्हणजे चुनखडीच. पाण्याचा जडपणा तीच वाढवत होती. आता खानापूरकडचा जांभा चिरा घ्यायचा विचार आहे, त्यावर थेंब टाकून पाहिला, गप्प बसला.

प्रतिसाद १ (निपाणी, बांधकामातला माणूस)

दादा, हिशोब बरोबर आहे, म्हणूनच सांगतो. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून केलेला असतो. तुमचा टँक जिथे उभा राहील तिथे तो आकडा साडेआठशेच्या आसपास जातो. याचा अर्थ उद्या स्लॅब पडेल असा नाही. बीमला चिकटून, भिंतीच्या कडेला ठेवला तर बरेचदा निभावतं. पण हॉलच्या मधोमध किंवा खालून बीम नसलेल्या भिंतीला लावला तर स्लॅब वर्षानुवर्षं हळूहळू वाकतो. टँक बिघडायला मोठी वाक लागत नाही. स्टँडला दोन सूत (पाव इंच) पीळ बसला तरी काचेचा सांधा उलतो. तुमच्याकडे स्लॅबच्या स्टीलचं (सळ्यांचं) ड्रॉइंग असेल तर ज्या इंजिनिअरने ते केलं त्यालाच दाखवा, गवंड्याला नको.

खाली ठेवणार असाल तर तिथेही डोळे झाकून नको. जोत्यातला भराव भिंतीच्या कडेला नीट ठोकलेला नसतो आणि टँक नेमका तिथेच येतो. नाण्याने फरशी वाजवून बघा. पोकळ वाजली तर तेवढ्या फरश्या उचलून मुरूम ठोका, जाळी टाकून काँक्रीट करा, मग पुढचं.

प्रतिसाद २ (कोल्हापूर, बारा वर्षं मोठे टँक)

१२ मिमी साधी फ्लोट काच घ्या, वर चारही बाजूंनी आतून पट्ट्या आणि मध्ये एक आडवी. टफन्ड वाईट नाही, पण एकदा टफन केल्यावर तिला भोक पाडता येत नाही, ओव्हरफ्लोची (वरचं पाणी संपात उतरायची) भोकं आधीच पाडून घ्यावी लागतात. आणि गेली तर एका क्षणात सगळी जाते. साधी काच बहुधा तडा देऊन तुम्हाला पळायला वेळ देते. सिलिकॉन व्हिनेगरच्या वासाचं, पण 'बुरशीरोधक' लिहिलेलं अजिबात नको, ते बाथरूमसाठी असतं. त्यातलं औषध माशांनाही लागतं. जोडल्यावर आठवडाभर हात लावू नका. मग अंगणात, त्याच स्टँडवर, खाली थर्माकोल घालून टप्प्याटप्प्याने भरा आणि आठ दिवस तसाच ठेवा. घाई झाली की नंतर गाद्या वाळत घालाव्या लागतात, मी घातल्यात.

संप: तुमच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे एक घनफूट, २८ लिटर. रिटर्नचं (संपातलं पाणी परत वर आणणाऱ्या पाइपचं) तोंड पाण्यात दोन इंच बुडलेलं असेल तर वीज जाताच ५६ लिटर खाली येणार. तुमचा संप १३० लिटरचा, म्हणून तो चालू असताना निम्म्यावर ठेवा. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडा, हवा शिरली की सायफन (पाइपातून पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) तुटतो. त्या भोकावर शेवाळ साचतं, दर महिन्याला काडी घाला. इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप टाका, बाकी बंद राहिलं तरी चार तासांत काही बिघडत नाही.

विहिरीचं पाणी उत्तम, क्लोरीन नाही. एकदा जडपणा आणि नायट्रेट तपासून घ्या.

अरोवाना विसरा. तो तीन फुटांपर्यंत वाढतो आणि टँकची रुंदी दोन फूट. वळणार कसा? त्यातून झाकण उचलून उडी मारतो.

बाबांचं ऐका. गोल्डफिशला १८ ते २४ अंश पाणी आवडतं, तुमच्या बेळगावच्या थंडीत हीटरच नको. उन्हाळ्यात पाण्यावर एक छोटा पंखा आणि हवा वाढवा. घाण मात्र खूप करतात, म्हणून संपात फिल्टर भरपूर ठेवा. मासे सोडण्याआधी चार-सहा आठवडे टँक चालवून माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊ द्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल ड्रॉइंग शोधलं. हॉलच्या ज्या भिंतीला टँक लावणार होतो तिच्याखाली बीम नाही. खालच्या खोलीत नाणं वाजवलं तर दोन फरश्या पोकळ. त्यामुळे टँक खालीच, पण आधी सात बाय तीन फुटांचं खोदकाम. आईला अजून सांगितलेलं नाही. बाबांना सांगितलं, ते स्वतःहून आरामखुर्ची सरकवायला उठले.

काचवाल्याला या शनिवारी पैसे देत नाही. १२ मिमीचा दर नव्याने मागवलाय.

आता शेवटचा प्रश्न. बाबांना गुबगुबीत ओरांडा गोल्डफिश हवेत, मुलाची समजूत साध्या लांब शेपटीच्या कॉमेट गोल्डफिशवर घातलीय. दोन्ही एकत्र चालतात का?

प्रतिसाद २

नको. कॉमेट सुसाट पोहतात, दाणे पडले की क्षणात फस्त. ओरांडा डुलत डुलत पोचेपर्यंत काही उरत नाही. तीन फुटी टँक मोकळा होणार आहे ना? तो मुलाला द्या. पण कॉमेट त्यात नको, ते फूटभर होतात. गप्पी-मॉलीच राहू देत. आणि शहाबादी काढून टाकलीत का?