गरम इंजिनला आयडलवर मिसफायर, कोड पी०३०२: हेड उतरवण्याआधी आणखी काय तपासावे?

नमस्कार. माझी गाडी १४ वर्षांची आहे. इंजिन पेट्रोलचे, चार सिलिंडरचे, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेले असून आतापर्यंत ते १ लाख ३८ हजार किलोमीटर चालले आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून इंजिन पूर्ण गरम झाले की ते आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभे असताना, मिसिंग करते (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, म्हणजेच मिसफायर). सकाळी थंड असताना ते अगदी सुरळीत चालते. पण वीसेक मिनिटांनी सिग्नलला थांबलो की स्टिअरिंग थरथरू लागते, आरपीएमचा काटा ७५० च्या आसपास वरखाली होतो आणि सायलेन्सरमधून ठरावीक अंतराने ‘फुस्’ असा पोकळ आवाज येत राहतो. आरपीएम २००० च्या वर नेला की हे सारे थांबते.

चेक इंजिनचा दिवा सुरुवातीला स्थिर पेटत होता, मात्र मागच्या आठवड्यात एका लांब चढावर तो मिनिटभर लुकलुकला. दिवा लुकलुकू लागला म्हणजे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एग्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेटण्याइतके मिसफायर वाढले आहे, हे ठाऊक असल्यामुळे मी तत्काळ ॲक्सिलरेटर सैल केला आणि तेव्हापासून गाडी केवळ तपासणीपुरतीच बाहेर काढतो.

पहिल्या वेळी गॅरेजमध्ये काहीही नोंद न करता कोड पुसून टाकला गेला. कोडबरोबर त्या क्षणाची साठवलेली माहितीही पुसली जाते, याचे मला फार वाईट वाटले. दिवा पुन्हा लागल्यावर मी स्वतः स्कॅनर लावला. कोड पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचे मिसफायर. नोंद झाली तेव्हा कूलंटचे तापमान ९१ अंश आणि आरपीएम ७६० होता.

त्यानंतर दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, तरी कोड दुसऱ्यावरच राहिला. चारही प्लग नवे बसवले. काढलेल्यांपैकी तीन फिकट तपकिरी होते, दुसऱ्याच्या टोकावर मात्र कोरडी काजळी होती. प्लगच्या विहिरीत तेल नव्हते. दुसऱ्या व चौथ्या सिलिंडरचे इंजेक्टर आपसांत बदलले, तरीही कोड हलला नाही. इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारून पाहिले, आयडलमध्ये काही फरक पडला नाही, म्हणजे तिथून जादा हवा आत ओढली जात नाही.

ठिणगी, इंधन आणि हवा यांची शंका अशी बरीचशी मिटल्यावर गरम इंजिनवर, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाताना तयार होणारा दाब) मोजले. पहिल्या, तिसऱ्या व चौथ्या सिलिंडरमध्ये १२.२ ते १२.५ बार मिळाले, दुसऱ्यात मात्र ८.६. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले तेव्हा आकडा जेमतेम ८.८ झाला. रिंगा झिजलेल्या असत्या तर तो बराच वर गेला असता, त्यामुळे माझा रोख व्हॉल्व्हकडे वळला. कूलंटची पातळी कमी होत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नाहीत आणि शेजारच्या दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन उत्तम आहे. म्हणून हेड गॅस्केट मला दोषी वाटत नाही.

एका जुन्या मेकॅनिकने सांगितलेली युक्तीही करून पाहिली. आयडलला सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा सैल धरला. तो सारखा बाहेर फडफडायला हवा होता, पण मध्येच क्षणभर आत ओढला जाऊन नळीला चिकटत होता. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची ही खूण मानतात.

गॅरेजचे म्हणणे आहे की व्हॉल्व्ह जळला आहे, थेट हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उतरवू. मला ही घाई वाटते. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हचे अंतर आपोआप जुळवणारे) नाहीत, आणि आधीच्या मालकाने गाडी काही वर्षे गॅसवर चालवली होती. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचे अंतर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट) कमी होत जाते. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबला की उरलेले अंतरही संपते आणि व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. थंड असताना इंजिन नीट चालणे आणि गरम होताच बिघडणे याच्याशी हे पुरेपूर जुळते.

दोन दिवसांनंतरची भर: इंजिन रात्रभर थंड होऊ देऊन काल व्हॉल्व्ह कव्हर काढले. पुस्तिकेप्रमाणे एग्झॉस्टचे अंतर ०.२८ ते ०.३२ मिलिमीटर हवे. दुसऱ्या सिलिंडरच्या दोन एग्झॉस्ट व्हॉल्व्हपैकी एकाचे ०.२६ भरले, दुसऱ्यात ०.०५ ची सर्वांत पातळ पट्टीसुद्धा शिरली नाही. बाकी सिलिंडरचे एग्झॉस्ट ०.२२ ते ०.२७ च्या दरम्यान आहेत.

ज्यांनी असे काम स्वतः केले किंवा करवून घेतले आहे, त्यांना माझी विनंती आहे की पुढील गोष्टींत मार्गदर्शन करावे. आधी शिम (अंतर जुळवणारी चकती) बदलून अंतर योग्य करावे आणि कॉम्प्रेशन परत मोजावे, हा क्रम बरोबर आहे का? अंतर दुरुस्त होऊनही आकडा ११ च्या पुढे गेला नाही, तर व्हॉल्व्हची कड जळली आहे असे समजून हेड उतरवावे, की त्याआधी सिलिंडरमध्ये हवा भरून ती सायलेन्सरकडे सुटते का हे ऐकावे? आणि लुकलुकत्या दिव्याच्या त्या मिनिटाने कन्व्हर्टरला इजा झाली असेल, तर मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनातून ते कसे ओळखावे? शिम मागवण्यापूर्वी मी सर्व व्हॉल्व्हची मापे पुन्हा एकदा घेणार आहे. आणखी कोणते माप हवे असल्यास सांगावे, कव्हर अजून उघडेच आहे.